चापनियंत्रण (पिस्तूल नेमबाजी)

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा नेम ढळू न देता चाप मागे घेणे, गोळी सुटल्यानंतरही क्षणभर हाताची ठेवण तशीच राखणे आणि पुढील गोळीसाठी चाप पुरेसा मोकळा करणे, या तीन क्रियांच्या एकत्रित कौशल्यास चापनियंत्रण म्हणतात. नेमबाजांच्या बोलण्यात ‘ट्रिगर कंट्रोल’ हा शब्द रूढ आहे. उभे राहण्याची ढब, पकड, श्वास आणि साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेल्या पुढच्या व मागच्या खुणा) जुळवणे यांच्या जोडीने ते शिकवले जात असले, तरी आखूड नळीच्या शस्त्रात सर्वाधिक गुण याच अंगाने जातात, असे बहुतेक प्रशिक्षक मानतात. या मताला भूमितीचा आधार आहे.

संपूर्ण पिस्तूल स्वतःशी समांतर राहून १ मिमी. बाजूला सरकले, तर फलकावरील गोळीही १ मिमी.च सरकते. मात्र मनगट किंवा मूठ वळून पुढचे साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिमी. बाजूला गेले, तर ही चूक अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. आंतरराष्ट्रीय २५ मी. स्पर्धांत दोन साइटांमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिमी. असू शकते, त्या हिशेबाने १ मिमी.ची कोनीय चूक फलकावर सुमारे ११४ मिमी. होते. अचूकता टप्प्याच्या फलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी. असतो. म्हणजे गोळीची जाडी जमेस धरूनही साइटच्या जुळणीत जेमतेम पाव मिलिमीटरची मुभा उरते. हाताची स्वाभाविक थरथर पिस्तुलास बऱ्याच अंशी समांतर हलवते आणि म्हणून ती सोसण्याजोगी असते; चापाला बसलेला झटका मात्र मूठच फिरवतो. नवशिका नेमबाज नेमके उलट करतो : तो थरथर थांबण्याची वाट पाहतो आणि साइट मध्यावर आल्यासारखे वाटताच चाप हिसकतो.

चापाच्या प्रवासाचे टप्पे सर्वसाधारणपणे चार मानले जातात. प्रथम सैल अंतर संपते. नंतर स्पष्ट अवरोध जाणवतो. त्यानंतर सिअर हा अडकवणारा भाग सुटून हातोडीने ढकललेली पिन किंवा स्ट्रायकर (स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावणारी पिन) काडतुसाच्या टोपीवर आदळते. आणि शेवटी चापाचा थोडा प्रवास उरतो. हा शेवटचा टप्पा लांब असल्यास गोळी नळीत असतानाच बोट अचानक मोकळे होऊन पिस्तूल हलण्याचा संभव असतो, म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलात तो स्क्रूने मर्यादित करतात. गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते, तेव्हा डिसकनेक्टर हा भाग चाप आणि सिअर यांचा संबंध तोडतो. चाप ठरावीक अंतर पुढे आल्याशिवाय तो संबंध पुन्हा जुळत नाही, आणि त्यामुळेच एका ओढीत एकच गोळी सुटते.

चापाचा भार, म्हणजे तो ओढण्यास लागणारा जोर, शस्त्रागणिक पुष्कळ बदलतो. २५ मी. स्पोर्ट पिस्तुलासाठी किमान १००० ग्रॅम, तर १० मी. हवाई पिस्तुलासाठी किमान ५०० ग्रॅम भार नियमाने आवश्यक आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलात तो साधारण अडीच किलोग्रॅम असतो व प्रत्येक गोळीस सारखाच राहतो. १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात हातोडी आधीच चढवलेली असते आणि चापाचे काम फक्त सिअर सोडण्याचे असते. तिसऱ्या, दुहेरी क्रियेच्या (एकाच ओढीत हातोडी चढवून सोडण्याच्या) प्रकारात पहिली ओढ लांब व जड असते आणि पुढच्या आखूड व हलक्या असतात. एकाच मालिकेत बोटाला दोन निरनिराळ्या ओढी साधाव्या लागत असल्याने शिकण्याच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत अवघड ठरतो. या रचनेचे आद्यत्व वादग्रस्त आहे. अनेक ग्रंथ ते १९२९ च्या जर्मन वॉल्थर पीपी पिस्तुलास देतात. तथापि अलोइस टोमिश्का या शस्त्रकाराने ‘लिटल टॉम’ या छोट्या पिस्तुलात दुहेरी क्रियेचा चाप त्यापूर्वीच, बहुधा १९०८ च्या सुमारास, योजला होता. कल्पनेचा मान टोमिश्काकडे आणि प्रसाराचा वॉल्थरकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

अध्यापनपद्धतीतही मतभेद आहेत. जुनी पद्धत रायफलीच्या शिक्षणातून आली : दाब हळूहळू वाढवत न्यावा आणि गोळी नेमकी केव्हा सुटेल हे नेमबाजालाही कळू नये, म्हणजे धक्क्याच्या अपेक्षेने हात आधीच खाली दबत नाही. अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हीच अनपेक्षितता अत्यल्प वेळात बसवण्याचा विचार मांडला. दुसरा पक्ष म्हणतो, की सरावलेल्या नेमबाजाला सुटण्याचा क्षण ठाऊक असतोच. दाब अखंड आणि नळीच्या रेषेत सरळ मागे असला म्हणजे पुरे. नवशिक्यासाठी पहिली आणि वेळेचे बंधन असलेल्या प्रकारांसाठी दुसरी पद्धत उपयुक्त दिसते.

उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या सातत्याने खाली व डावीकडे जात असतील, तर तर्जनीबरोबर उरलेली बोटेही मूठ आवळत आहेत, अशी शंका प्रथम घ्यावी. चापावर बोटाचे पहिले पेर ठेवावे की सांधा, याबद्दलचे ठाम नियम फारसे टिकत नाहीत. हाताचे माप आणि चापाचा भार पाहून, दाब सरळ मागे पडेल अशी जागा निवडणे इष्ट. दोष शोधण्याची जुनी व खात्रीची रीत म्हणजे मॅगझिनमध्ये नेमबाजाच्या नकळत डमी (दारू नसलेले) काडतूस मिसळणे : ते चेंबरमध्ये (नळीच्या मागील, काडतूस बसण्याच्या जागेत) आले, की धक्का नसतानाही खाली झुकणारी नळी दोष उघड करते. रिकाम्या पिस्तुलाच्या ड्राय सरावात चाप ओढताना पुढचे साइट हलते का, एवढेच पाहायचे असते. या सरावापूर्वी चेंबर व मॅगझिन डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, खोलीत एकही काडतूस न ठेवणे आणि नळी सुरक्षित दिशेला रोखणे अनिवार्य आहे. .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात होणाऱ्या) पिस्तुलात पिन चेंबरच्या कडेवर आदळून नुकसान होऊ शकते, म्हणून तेथे योग्य डमी वापरावी. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवण्याचा नियमही याच शिक्षणाचा भाग आहे. दचकणे, तोल जाणे किंवा दुसरा हात आवळणे यांमुळे बोट अनिच्छेने आकसू शकते.

चाप पुन्हा जुळण्याच्या बिंदूबाबत दोन रीती आहेत. एकीत गोळीनंतर चाप मागेच धरून, साइट परत आल्यावर ‘टिक्’ ऐकू येईपर्यंतच सोडतात. दुसरीत धक्का चालू असतानाच तो सोडून सैल अंतर पुन्हा भरून घेतात. पहिलीने स्थिर राहण्याची सवय लागते, पण वेगवान मालिकेत ती वेळ खाते.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राच्या अनिसा सय्यद यांनी आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी महिलांच्या २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराच्या जलद टप्प्यात फलक प्रत्येक गोळीसाठी फक्त ३ सेकंद समोर असतो व नेमबाजाचा हात आरंभी खाली झुकलेला असावा लागतो. त्यामुळे हात वर येत असतानाच चापाचे सैल अंतर संपवून दाब सुरू करावा लागतो.