पार्श्वभूमी: पक्षाघातानंतरचा व्यायाम आणि तो करून घेणारे हात

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी संपली की खाली एक ओळ असते: 'फिजिओ चालू ठेवणे'. कोणी, किती वेळ, कुठवर, यातलं काही तिथे लिहिलेलं नसतं. रक्तदाबाच्या गोळीचे मिलिग्रॅम मात्र चोख असतात. व्यायामाची मात्रा अशी मोघम का राहिली, हे कळायला गेल्या शंभरेक वर्षांतले काही वाद माहीत असलेले बरे.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यात व्यायाम नव्हताच. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. आयुर्वेदातल्या वातविकाराच्या कल्पनेतून आलेला हा शब्द अजून घराघरात काम करतो. पंखा बंद, कानटोपी, कोमट तेल आणि कुणीतरी हमखास सुचवलेली कबुतराच्या रक्ताची मालीश. याला हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की युरोपातल्या रुग्णालयांतही विसाव्या शतकात बराच काळ आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती हाच रिवाज होता. हलवलं तर पुन्हा झटका येईल ही भीती दोन्हीकडे सारखी होती.

फिजिओथेरपीचा व्यवसाय पक्षाघातासाठी जन्मलाच नाही. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालीश करणाऱ्या बायकांची संघटना काढली, ती मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्या धंद्यांपासून स्वतःला वेगळं काढण्यासाठी. पुढे महायुद्धांतले जखमी आणि पोलिओची मुलं यांनी या व्यवसायाला आकार दिला. मुंबईतही तेच झालं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या महापालिका रुग्णालयात फिजिओचं शिक्षण सुरू झालं ते शहरातल्या पोलिओच्या साथीमुळे. त्याच आवारात १९५० साली, अमेरिकेत जन्मून मराठी घरात सून म्हणून आलेल्या एका बाईंनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती. सरकारी मराठीत तिला 'व्यवसायोपचार' म्हणतात. हा शब्द ऐकून वडिलांचं दुकान पुन्हा चालू करून देणारं खातं असावं असा समज झालेले नातेवाईक भेटतात. बटण लावणं, भाकरी मोडणं, साडीच्या निऱ्या घालणं हे तिथे शिकवतात, हे त्या शब्दातून कोणाला कळावं?

पोलिओचा वारसा एका अर्थाने अडचणीचा ठरला. पोलिओत स्नायूकडे जाणारी नसच मेलेली असते, म्हणून उरलेल्या स्नायूंची ताकद वाढवायची. पक्षाघातात स्नायू शाबूत असतो, वरून येणारा हुकूम तुटलेला असतो. हा फरक उपचारात कसा आणायचा यावर पुढची तीस-चाळीस वर्षं घराणी पडली. गाण्यातल्यासारखीच, आणि तितकीच एकमेकांच्या पंगतीला न बसणारी. सगळ्यात मोठं घराणं लंडनचं. जर्मनीतून परागंदा झालेल्या एका व्यायामशिक्षिकेने १९४३ मध्ये तिथे एका पक्षाघात झालेल्या चित्रकारावर उपचार केले. योग्य तऱ्हेने हाताळलं तर त्याच्या हाताचा ताठरपणा उतरतो, हे तिच्या लक्षात आलं. त्यातून शिकवण निघाली ती अशी: आधी ताठरपणा घालवा, चुकीची हालचाल होऊ देऊ नका, जोर लावायला लावू नका.

आपल्याकडच्या फिजिओ विभागांत ही शिकवण खोल रुजली. घरचे हौसेने रबरी बॉल आणतात, 'बाबा, दाबा' म्हणतात, आणि फिजिओ तो काढून घेतो. बोटं मिटायची ताकद बहुधा आधी येते आणि उघडायची मागून, तेव्हा नुसता बॉल दाबत बसणं फारसं उपयोगाचं नाही, हे खरंच. पण 'जोर लावला की ताठरपणा वाढतो' हा त्यामागचा सरसकट नियम पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन फिजिओथेरपिस्ट बायकांनी उलट मांडणी केली. माणसाला उभं राहायचं असेल तर उभं राहण्याचाच सराव द्या, पेला उचलायचा असेल तर पेलाच उचलायला लावा. आज ऐकताना यात नवीन काय असं वाटतं. तेव्हा ते बंड होतं.

दुसरा धागा माकडांचा. १९१७ मधल्याच एका प्रयोगात मेंदूला इजा झालेल्या माकडांचा चांगला हात बांधून ठेवल्यावर लुळा हात कामाला लागलेला दिसला होता. तो बराच काळ अडगळीत पडला. पुढे अमेरिकेत एका संशोधकाने 'न वापरायची सवय' ही कल्पना मांडली. सुरुवातीला हात चालत नाही म्हणून माणूस तो वापरणं सोडतो, आणि नंतर चालू शकत असतानाही तो बाजूलाच पडून राहतो. (याच संशोधकाची प्रयोगशाळा १९८१ मध्ये माकडांच्या हालांवरून गाजली. तो वेगळा आणि कटू विषय आहे.) २००६ मध्ये २२२ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या या लोकांपैकी एका गटाने दोन आठवडे चांगल्या हातात जाड मोजा घालून जागेपणातला बहुतेक वेळ काढला आणि रोज कसून सराव केला. त्यांचा दुबळा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट सुधारला. अट एवढीच की मनगट आणि बोटं आधीच थोडी तरी उघडत असली पाहिजेत. पूर्ण लुळ्या हाताला हा उपाय नाही. ही अट बातम्यांत सहसा गळते.

इथून पुढे प्रश्न बदलला. कोणतं घराणं खरं, हा मागे पडला आणि व्यायाम होतो तरी किती, हा पुढे आला. २००४ मध्ये मेलबर्नच्या पाच रुग्णालयांत रुग्णांकडे दिवसभर नुसतं बघत बसून नोंदी केल्या. निम्म्याहून जास्त वेळ रुग्ण खाटेवर पडून होते. उठणं, उभं राहणं, चालणं यासारख्या गोष्टींत वेळ गेला १३ टक्के. ६० टक्के वेळ जवळ कोणीही नव्हतं. २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ३१२ सत्रांची मोजणी झाली. हाताच्या कामाचा सराव निम्म्याच सत्रांत होता, आणि जिथे होता तिथे सरासरी ३२ वेळा. प्रयोगशाळेतले प्राणी एका दिवसात तीच हालचाल चारशे-सहाशे वेळा करत होते. मात्रेचा प्रश्न पहिल्यांदा आकड्यांत दिसला तो इथे. अर्थात आकडा वाढवला की काम झालं, असंही निघालं नाही. पक्षाघात जुना झालेल्या ८५ जणांवरच्या २०१६ च्या अभ्यासात हजारो आवर्तनांच्या कमी-जास्त मात्रा देऊनही जास्तवाल्यांना जास्त फायदा दिसला नाही.

मग लवकर उठवण्याचा प्रश्न. १९९१ मध्ये नॉर्वेतल्या एका शहरात पक्षाघातासाठी वेगळा वॉर्ड काढून २२० रुग्णांवर अभ्यास झाला होता. त्या वॉर्डातले लोक जास्त संख्येने जगले आणि जास्त संख्येने घरी गेले. तिथे रुग्णाला लगेच खाटेबाहेर काढत, म्हणून श्रेय त्याला दिलं गेलं. ते पडताळायला पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांचा अभ्यास झाला आणि निकाल २०१५ मध्ये आला. पहिल्या २४ तासांत उठवून दिवसातून अनेकदा उभं केलेल्यांपैकी ४६ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू लागले होते, नेहमीच्या पद्धतीतले ५० टक्के. म्हणजे उलटंच. मात्र नेहमीच्या गटातले निम्म्याहून जास्त लोकही २४ तासांच्या आतच उठले होते. हा निकाल 'झोपवून ठेवा' असं सांगत नाही. पहिल्या दिवशी घाई आणि अतिरेक नको, थोडं-थोडं आणि वारंवार करा, असं सांगतो. आपल्या वॉर्डात मात्र याचा आधार घेऊन चौथ्या दिवशीही रुग्णाला खाटेवरून न उतरवणारे आहेत, आणि उतरवायला मामा-मावशी मोकळे नाहीत हे खरं कारण त्याआड सहज लपतं.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण जाहिराती बघून लोक विचारतात. पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवण्याच्या पद्धतीची तुलना २०११ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ४०८ लोकांवर, घरी फिजिओने येऊन घेतलेल्या साध्या व्यायामाशी झाली. वर्षाअखेर दोन्हीकडे सारखंच. एकूण ५२ टक्के लोकांचं चालणं एक पायरी वर गेलं होतं. हाताच्या रोबोवर ब्रिटनमध्ये ७७० लोकांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये निकाल आला. त्यातही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस काही दिसलं नाही.

यंत्र नाही तर माणूस. कोणता माणूस, हा वाद आपला आहे. भारतात फिजिओ कमी, तालुक्याच्या गावात त्याहून कमी, पण घरात सून, बायको, मुलगा असतोच. मग त्यालाच शिकवलं तर? २०१४ ते २०१६ या काळात भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेऊन हे तपासलं गेलं. निम्म्या घरांत एका माणसाला फिजिओने रुग्णालयात दिवसाला साधारण तासभर, तीनेक दिवस शिकवलं: कूस कशी बदलायची, कसं बसवायचं, उभं कसं करायचं, रोजच्या कामातूनच सराव कसा घ्यायचा. मग घरी जाऊन साधारण दोन महिने पाठपुरावा. बाकीच्या निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले किती? दोन्हीकडे ४७ टक्के. २०१७ मध्ये हे छापून आलं तेव्हा संशोधकांनी स्वच्छ लिहिलं की नवा पुरावा येईपर्यंत घरच्यांवर हे काम सोपवणाऱ्या नव्या सेवांवर पैसा घालायला हा निकाल आधार देत नाही.

याचं वाचन दोन तऱ्हांनी झालं. फिजिओंच्या वर्तुळात 'बघा, आमच्याशिवाय होत नाही' असा सूर होता. तो चुकीचा आहे. या अभ्यासाने फिजिओ विरुद्ध घरचे अशी तुलना केलीच नव्हती. घरच्यांना शिकवणं विरुद्ध घरच्यांना न शिकवणं, अशी ती होती. दुसरं वाचन 'घरी व्यायाम करून उपयोग नाही' असं. तेही चूक. कारण दुसऱ्या गटातही घरचे हात बांधून बसले नव्हते. आपल्याकडे पक्षाघाताच्या रुग्णाला अंघोळ कोण घालतं, संडासला कोण नेतं? शिकवलं नाही तरी सून उभी राहतेच, सासूबाईंचा हात धरून चार पावलं चालवतेच. शिकवण्याने यात काही मोजण्याजोगी भर पडते का, एवढाच प्रश्न होता. तीन तासांच्या शिकवणीने ती पडली नाही.

माझ्या मते यात मोजपट्टीही बघायला हवी. मुख्य निकाल ज्या शून्य ते सहाच्या पट्टीवर बेतला होता, तिचं मूळ १९५७ मध्ये ग्लासगोत आहे. तिच्यात खाटेला खिळलेला माणूस कुणाच्या आधाराने उभा राहू लागला तर एक पायरी वर येतो, पण 'अवलंबून' या रकान्यातून सुटत नाही. ज्या सुनेची कंबर रोज दोनदा त्याला उचलून मोडते तिच्यासाठी ही पायरी म्हणजे दिवस आणि रात्रीइतका फरक आहे. बारीक मापांवरही दोन गटांत फरक दिसला नव्हता हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. पण तीही मापं बाहेरचीच. १९६५ पासून वापरात असलेल्या, रोजच्या दहा कामांना १०० गुण देणाऱ्या अमेरिकी यादीत जिने चढणं आहे, मांडी घालून पंगतीला बसणं नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून उठणं नाही. जेवण किती मदतीने होतं हे ती विचारते. उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने जेवायचं म्हणून चारचौघांत जेवणच सोडणारे आजोबा तिच्यात पूर्ण गुण मिळवू शकतात.

नंतरची मोठी गोष्ट वेळेची. २०२१ मध्ये अमेरिकेत ७२ रुग्णांवर एक छोटा पण नीट आखलेला अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांवर हाताचा २० तासांचा जादा सराव द्यायचा, पण वेगवेगळ्या वेळी. सगळ्यात जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यात सराव मिळालेल्यांना झाला. पहिल्या महिन्यात मिळालेल्यांना त्याहून कमी. सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांत खास काही दिसलं नाही, पण म्हणून सहा महिन्यांनी दार बंद होतं असं नाही. मोज्याच्या अभ्यासातले काही लोक नवव्या महिन्यातले होते.

हा दोन-तीन महिन्यांचा टप्पा आपल्याकडे नेमका कुठे येतो? वॉर्ड केव्हाच सुटलेला असतो. अनेक आरोग्य विमा पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले असतात, ते संपत आलेले असतात. सुट्टी काढून आलेला मुलगा पुण्याला परतलेला असतो. ओपीडीतली फिजिओची वेळ आठवड्यातून दोनदा, आणि रिक्षाचं भाडं दर वेळी वेगळं.