औषध तेच, डोस तोच, मग त्रास वेगळा का?

उंदीर सगळे सारखेच, विषाचा डोसही सारखाच, फरक फक्त इंजेक्शन किती वाजता दिलं एवढाच. एका वेळी दिलं तर बहुतेक मेले आणि दुसऱ्या वेळी दिलं तर बहुतेक जगले! १९६० च्या सुमाराला शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ फ्रान्झ हालबर्ग यांनी जिवाणूंचं विष वापरून हे दाखवलं, आणि मला अजून नवल वाटतं की इतकी मोठी गोष्ट आपल्यापर्यंत नीट पोचलीच नाही.

याचं कारण आपल्या पेशींत आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत २४ तासांचं घड्याळ चालतं, मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर त्यांचा मेळ घालतं, आणि त्यानुसार लिव्हरमधली एन्झाइम्स (औषधं मोडणारी प्रथिनं), किडनीचं काम, पेशींचं विभाजन, सगळं कमीजास्त होत राहतं. पॅरासिटामॉलचंच बघा, लिव्हरमध्ये त्याच्या थोड्या भागाचं विषारी रसायन बनतं आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते निकामी करतो. उंदरांमध्ये विष बनण्याचा वेग आणि ग्लुटाथायोनचा साठा दोन्ही वेळेप्रमाणे बदलतात, त्यामुळे जास्त डोस सकाळी दिला तर लिव्हरला कमी इजा आणि रात्रीच्या सुरुवातीला दिला तर जास्त. उंदीर निशाचर, म्हणजे ही त्यांची जागं होण्याची वेळ, त्यामुळे हे वेळापत्रक माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही.

माणसांमधला सगळ्यात बोलका पुरावा कॅन्सरच्या औषधांचा आहे. कॅन्सरतज्ज्ञ फ्रान्सिस लेव्ही यांच्या टीमने १९९७ मध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या १८६ पेशंटवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना केमो दिवसभर एकसारख्या वेगाने, बाकीच्यांना पंप लावून घड्याळाप्रमाणे, म्हणजे केमोच्या दोन औषधांपैकी फ्लुरोयुरॅसिलचा जोर पहाटे ४ ला आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचा दुपारी ४ ला. फ्लुरोयुरॅसिल मोडणारं एन्झाइम रात्री जास्त काम करतं आणि तोंडातल्या निरोगी पेशींचं विभाजन तेव्हा मंद असतं, म्हणून पहाट. तोंड सोलून निघण्यासारखा गंभीर त्रास पहिल्या गटात ७६ टक्के, दुसऱ्यात १४! केमोमध्ये ज्याला पाणीसुद्धा गिळवत नाही त्याला विचारा या आकड्याची किंमत.

पण २००६ मध्ये ५६४ पेशंटवर पुन्हा तपासलं तेव्हा एकूण आयुष्यमानात फरक निघाला नाही, पण वेगवेगळं पाहिलं तर पुरुष या पद्धतीने जास्त जगले आणि बायका उलट कमी, म्हणजे एकच वेळापत्रक सगळ्यांना चालत नाही आणि म्हणूनच आता मनगटावरचे सेन्सर आणि रक्ताच्या टेस्ट वापरून प्रत्येकाच्या शरीरात नेमके किती वाजलेत ते आधी मोजायचं काम चालू आहे.