निद्रानाश : वयानुसार निदान आणि उपचार

झोपेसाठी पुरेसा वेळ आणि बरी जागा असूनही झोप न लागणे, ती वारंवार मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे काम, एकाग्रता वा मनःस्थिती बिघडणे, याला निद्रानाश म्हणतात. या व्याख्येतील ‘पुरेसा वेळ असूनही’ हे शब्द कळीचे आहेत. पहाटेची लोकल गाठण्यासाठी चार वाजता उठणाऱ्या माणसाची झोप अपुरी असते, पण वेळ मिळताच तो गाढ झोपतो; त्याला निद्रानाश झालेला नसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार हा त्रास आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने होत असेल तर तो स्वतंत्र विकार धरला जातो. त्याच वर्गीकरणाने ‘प्राथमिक’ (स्वतंत्र) आणि ‘दुय्यम’ (दुसऱ्या आजारामुळे आलेला) निद्रानाश हा जुना भेद मोडीत काढला. पूर्वी नैराश्य किंवा संधिवात आटोक्यात आला की झोप आपोआप सुधारेल असे समजले जाई. प्रत्यक्षात मूळ आजार ओसरल्यावरही झोप बिघडलेलीच राहिलेले रुग्ण इतके आढळले, की आता दोन्हींवर एकदमच उपचार करतात.

झोप दोन प्रक्रियांच्या मेळातून येते, अशी मांडणी झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक साचत जाणारा झोपेचा दाब ही एक, आणि मेंदूतील सुमारे चोवीस तासांचे जैविक घड्याळ ही दुसरी. वयानुसार या दोन्हींची चाल बदलते, आणि म्हणूनच ‘झोप येत नाही’ या एकाच तक्रारीचा अर्थ चौथ्या वर्षी, सतराव्या वर्षी आणि सत्तराव्या वर्षी वेगवेगळा निघतो.

निदानाचे मुख्य साधन यंत्र नसून वही आहे. रुग्णाने दोन आठवडे रोज सकाळी, घड्याळाकडे पाहून नव्हे तर अंदाजाने, अंथरुणावर कधी पडलो, डोळा केव्हा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलो, दुपारी झोपलो का, चहा-कॉफी किती घेतली, हे लिहायचे असते. समजा, एक गृहस्थ रात्री दहाला आडवे होतात, साडेअकराला झोपतात, मध्ये दीड तास जागे राहतात आणि साडेसहाला उठतात. साडेआठ तास अंथरुणात आणि साडेपाच तास झोप, म्हणजे झोपेची कार्यक्षमता सुमारे ६५ टक्के. प्रौढांत ती ८५ टक्क्यांच्या आसपास वा अधिक असावी अशी अपेक्षा असते. तीव्रता मोजण्यासाठी सात प्रश्नांची आणि २८ गुणांची निद्रानाश तीव्रता श्रेणी वापरतात. तिच्यात १५ किंवा अधिक गुण मिळाले तर त्रास मध्यम वा तीव्र समजतात. प्रयोगशाळेतील रात्रभराची निद्राचाचणी सरसकट लागत नाही. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पाय झटकणे किंवा झोपेत विचित्र वर्तन करणे अशा खुणा असतील तरच ती करतात. घोरण्याबद्दल रुग्णाला विचारण्यात फारसा अर्थ नसतो. ते शेजारी झोपणाऱ्याला विचारावे.

तान्ह्या मुलाचे रात्री उठणे हा आजार नाही. चार महिने ते एक वर्ष या वयात दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते आणि ती तुकड्यातुकड्यांनी येते. सहा महिन्यांनंतर दिसणारी खरी अडचण सवयीची असते : खांद्यावर किंवा झोळीच्या झोक्यात झोपी गेलेले मूल मध्ये अर्धवट जागे होते, झोका थांबलेला असतो, आणि मग पुन्हा झोपण्यासाठी त्याला तोच झोका हवा असतो. पूर्ण झोपण्याआधी, डोळे जड झाले असतानाच त्याला अंथरुणावर ठेवणे, हा यावरचा उपाय. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवून रडू देण्याची पाश्चात्त्य रीत एका खोलीत सारे कुटुंब निजते तेथे गैरलागू आहे. आईने शेजारी पडून राहणे आणि थोपटणे हळूहळू कमी करत नेणे तेथे अधिक जमते. औषधाचा मात्र मोह नको. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या स्त्रिया एकेकाळी तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत, हा इतिहास फार जुना नाही.

शाळकरी मुलांत घरातील दिवे किती वाजता मालवतात, हा पहिला प्रश्न. मोठी माणसे अकरापर्यंत टीव्ही पाहत बसली असतील तर मूल नऊला झोपत नाही ही तक्रार मुलाची नव्हे. दुसरा प्रश्न पायांचा. ‘पाय दुखतात, चेपून दे’ असे मूल रोज रात्री म्हणत असेल आणि चेपल्यावर किंवा फिरल्यावर त्याला बरे वाटत असेल, तर अस्वस्थ पायांचा विकार (रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणे) ध्यानात घेऊन रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासावे, कारण शरीरातील लोह कमी असले की हा विकार बळावतो. तोंड उघडे टाकून घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल पाहावेत.

पौगंडावस्थेत जैविक घड्याळ दोनेक तास मागे पडते. त्यामुळे साडेबाराला झोपणारा आणि सकाळी न उठणारा अकरावीचा विद्यार्थी बहुधा आळशीही नसतो आणि निद्रानाशाचा रुग्णही नसतो. सुट्टीत तो दोनला झोपून दहाला ताजातवाना उठतो का, हे विचारले की उलगडा होतो. खऱ्या निद्रानाशात सुट्टीतही झोप धड नसते. घड्याळ मागे पडलेल्या मुलांना उठण्याची ठरावीक वेळ, उठल्याबरोबर उन्हात अर्धा तास आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, नेहमीच्या झोपेच्या काही तास आधी अल्प मात्रेत मेलाटोनिन (रात्र झाल्याचे शरीराला सांगणारे संप्रेरक) यांचा उपयोग होतो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आत वर्ग न भरवण्याचा निर्णय घेतला तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचा. घड्याळ खरोखर मागे पडते ती मुले त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

प्रौढ वयातील निद्रानाश समजून घेण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात मांडलेली तीन घटकांची चौकट आजही उपयोगी पडते : मुळातला स्वभाव, ठिणगी टाकणारी घटना आणि त्रास टिकवून धरणाऱ्या सवयी. नोकरी जाते, घरात मृत्यू होतो, झोप उडते; काही आठवड्यांत धक्का ओसरतो, पण तोवर माणूस लवकर आडवा होऊ लागलेला असतो, रविवारी उशिरापर्यंत लोळत असतो, अंथरुणात मोबाइल घेऊन झोपेची वाट पाहत असतो. उपचार या सवयींवर करायचा असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून बोधनिक वर्तनोपचाराची, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराची, शिफारस केली, गोळीची नव्हे. त्याचा एक भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला : अंथरूण फक्त झोपेसाठी, डोळे जड झाल्यावरच तेथे जायचे, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे. एका खोलीच्या घरात ‘दुसरीकडे’ कुठले, असा रास्त प्रश्न येतो. तेथे रात्री गादी घालणे आणि सकाळी ती गुंडाळून ठेवणे ही आपली जुनी पद्धत नेमके हेच काम करते. दिवसभर पसरलेला पलंग करत नाही.

दुसरा भाग स्पीलमन यांचा आणि रुग्णाला पटवायला सर्वांत अवघड. वर सांगितलेल्या गृहस्थांना झोप साडेपाच तास येते, म्हणून त्यांनी अंथरुणातही साडेपाच तासच राहायचे, रात्री एक ते साडेसहा. पहिला आठवडा जड जातो. पण झोपेचा दाब वाढतो, तुकडे जोडले जातात, आणि कार्यक्षमता ८५ टक्क्यांवर गेली की वेळ दर आठवड्याला पंधरा ते वीस मिनिटांनी वाढवतात. पाच तासांच्या खाली सहसा जात नाहीत; अपस्मार (फिट्स येणे), द्विध्रुवी विकार (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणे) किंवा ट्रक चालवण्यासारखे काम असेल तर हा मार्ग टाळतात.

स्त्रियांत गरोदरपणात लोहाची कमतरता आणि अस्वस्थ पाय, तर रजोनिवृत्तीच्या सुमारास रात्री अंगातून वाफा निघून घामाने जाग येणे ही कारणे शोधावी लागतात. रजोनिवृत्तीनंतर झोपेत श्वास अडकण्याचे प्रमाणही वाढते, आणि ‘बायका घोरत नाहीत’ या समजुतीपायी ते निदान राहून जाते.

म्हातारपणी गाढ झोप कमी होते आणि घड्याळ पुढे सरकते. रात्री नऊला झोपून काकड्याच्या वेळी, चार वाजता, जागे होणाऱ्या आजोबांची सात तास झोप झालेली असते. त्यांना औषधाची नव्हे, संध्याकाळच्या उजेडाची आणि थोड्या उशिरा झोपण्याची गरज असते. मालिका पाहता पाहता खुर्चीत लागणारी डुलकी रात्रीच्या झोपेतूनच वजा होते. वामकुक्षी अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत असावी. लघवीसाठी उठावे लागत असेल तर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेता येईल का, आणि प्रोस्टेटचा त्रास आहे का, हे पाहावे.

औषधांच्या बाबतीत वय निर्णायक ठरते. १९६० मध्ये आलेल्या क्लोरडायझेपॉक्साइडपासून बेन्झोडायझेपिन गटाने बार्बिट्युरेट या जुन्या झोपेच्या औषधांची जागा घेतली, आणि त्यांतल्या डायझेपामचे ‘काम्पोज’ हे नाव आपल्याकडे झोपेच्या गोळीला पर्यायी शब्द बनले. वृद्धांत या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत टिकतो. तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, स्मृती धूसर होते. म्हणूनच अमेरिकन वृद्धरोग संघटनेच्या बीअर्स निकषांत (वृद्धांना सहसा देऊ नयेत अशा औषधांच्या यादीत) त्या आणि झोल्पिडेमसारखी औषधे टाळावीत असे म्हटले आहे. झोल्पिडेम स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, हे लक्षात आल्यावर अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. अल्प मात्रेतील डॉक्सेपिन आणि सुवोरेक्सँटसारखी ओरेक्सिनरोधके (जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या मेंदूतील रसायनाला अडवणारी औषधे) हे अलीकडचे पर्याय आहेत.

बेन्झोडायझेपिन गटातलीच अल्प्राझोलाम ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याने ती एकदम थांबवू नये, कारण त्याने फिट्सचे झटकेही येऊ शकतात. मात्रा काही आठवडे वा महिने घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि जोडीला वर्तनोपचार चालू ठेवतात. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते. हा औषध उतरण्याचा परिणाम आहे, मूळ आजार परतलेला नाही, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे लागते. नाहीतर तिसऱ्या रात्री तो पुन्हा पूर्ण गोळी घेतो.