गरोदरपणातली चक्कर: ती आली तेव्हा तुम्ही काय करत होतात?

गरोदर बाईला चक्कर आली की घरात दोनच तर्क निघतात. एक तर तिने काही खाल्लं नसेल, नाहीतर तिच्या अंगात रक्त कमी असेल. दोन्ही कधी कधी खरे असतात. पण पुष्कळदा तिने पोटभर खाल्लेलं असतं, हिमोग्लोबिन ठीक असतं आणि तरीही अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग आपणच कमजोर आहोत, असं तिला वाटायला लागतं. ते खरं नाही. चक्कर नेमकी कशामुळे आली हे शोधायचं, तर ती आली तेव्हा आपण उभ्या होतो, उठत होतो, उपाशी होतो, उकाड्यात होतो की उताण्या झोपलेल्या होतो, हे आधी आठवून पाहावं. या प्रत्येक वेळी शरीरात वेगळी गोष्ट घडते आणि उपायही वेगळा असतो.

दिवस राहिल्यावर पोट दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला, रक्तवाहिन्यांमध्ये मोठा बदल सुरू झालेला असतो. प्रोजेस्टेरॉन आणि रिलॅक्सिन ही संप्रेरकं, शिवाय वाहिन्यांच्या अस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड, यांच्यामुळे शरीरभरच्या वाहिन्यांच्या भिंती सैलावतात. याची गरजच असते. एरवी गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त पुरतं, दिवस भरत येतात तेव्हा हाच आकडा ५०० मिलिलिटरच्या पुढे गेलेला असतो. एवढ्या पुरवठ्यासाठी वाटा आधीपासून मोकळ्या करून ठेवाव्या लागतात. पण वाहिन्या सैल झाल्या की रक्ताला होणारा अडथळा कमी होतो आणि रक्तदाब उतरतो.

ही उतरण सावरायला हृदय लगेच कामाला लागतं. आठव्या आठवड्यापर्यंत ते दर मिनिटाला सुमारे २० टक्के जास्त रक्त बाहेर टाकत असतं, पुढे ही वाढ ३० ते ५० टक्क्यांवर जाते. रक्ताचं एकूण आकारमानही वाढतं, मात्र ते सावकाश. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, जवळजवळ सव्वा लिटरने. हे काम पुरं व्हायला ३२वा आठवडा उजाडतो. म्हणजे वाहिन्या आधी रुंदावल्या आणि त्या भरणारं रक्त मागून येतंय, अशी काही महिन्यांची फट राहते. रक्तदाब सर्वांत खाली असतो तो २० ते २४ आठवड्यांच्या सुमाराला. तेव्हा खालचा आकडा नेहमीपेक्षा ५ ते १० ने कमी भरतो, आणि शेवटच्या तिमाहीत तो आपोआप पूर्वपदावर येऊ लागतो.

आता या काळात उठून उभं राहण्याचा विचार करा. कोणीही माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त काही क्षणांत पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये दाबाची जाणीव ठेवणारे मज्जातंतू असतात. दाब घटल्याचं त्यांना कळतं, ते मेंदूला कळवतात, मेंदू नाडीचा वेग वाढवतो आणि पायांकडच्या वाहिन्या आवळतो. सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणून एरवी आपल्याला पत्ताही लागत नाही. गरोदरपणात आवळायला सांगितलेल्या वाहिन्या संप्रेरकांमुळे मुळातच सैल असतात, त्यामुळे या सावरण्याला थोडा उशीर होतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्केच असलं तरी शरीरातला २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो, आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. पुरवठा काही सेकंद जरी रोडावला, तरी कानात दडे बसतात, डोळ्यांपुढे काळं येतं, हातपाय गळाल्यासारखे होतात.

म्हणूनच उठण्याचे टप्पे करणं हा उपाय दिसतो तितका किरकोळ नाही. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून बसायचं, पावलं वर-खाली हलवून पोटऱ्या दहा-पंधरा वेळा आवळायच्या आणि मग उभं राहायचं. पोटऱ्यांचे स्नायू आकसतात तेव्हा ते शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. रात्री लघवीला उठताना हे विशेष पाळावं, कारण तेव्हा घाई असते, झोप डोळ्यांवर असते आणि अंधारात धरायला काही सापडत नाही.

उठण्याइतकाच त्रास नुसतं एका जागी उभं राहण्याने होतो. चालताना पोटऱ्या सतत काम करत असतात, रांगेत त्या थांबतात. दुकानात, वर्गात, कारखान्यात, रुग्णालयात तासन् तास उभ्याने काम करणाऱ्या बाईला बसायला खुर्ची मिळणं ही सवलत नाही, तिच्या शरीरात जे चाललंय त्याची ती साधी गरज आहे. वरिष्ठांनी हे तिने मागण्याआधीच ओळखायला हवं. खुर्ची मिळणारच नसेल तर वजन या पायावरून त्या पायावर घेत राहावं, अधूनमधून टाचा उचलाव्यात. चक्कर येतेय असं वाटलं आणि बसायला जागाच नसेल, तर पायावर पाय ओलांडून मांड्या घट्ट आवळाव्यात किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ताणावीत. याने रक्तदाब काही सेकंदांत थोडा वर येतो आणि कुठेतरी टेकेपर्यंत वेळ मिळतो. पण बसणं शक्य असेल तर बसावंच, अगदी जमिनीवर. चारचौघांत खाली बसायचा संकोच वाटतो, त्या संकोचापायी पडून मार लागतो.

उकाडा आणि गर्दी यात भर घालतात. अंग थंड ठेवायला त्वचेखालच्या वाहिन्या आणखी रुंदावतात, घामावाटे पाणी जातं, आणि मेंदूकडे जाणारं रक्त तेवढं कमी होतं. कढत पाण्याने लांबलचक अंघोळ केल्यावर नेमकी न्हाणीघरातच भोवळ येते ती याच कारणाने, आणि तिथली ओली फरशी धोक्याची. पाणी कोमट ठेवावं, दाराला आतून कडी लावू नये.

भुकेचंही एक शास्त्र आहे. गर्भ आईच्या रक्तातली साखर अखंड घेत असतो, ती जेवली असो वा नसो. त्यामुळे गरोदर बाई रात्रभर उपाशी राहिली की तिच्या रक्तातली साखर इतरांपेक्षा लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळायला लागतं. सकाळी थरथर, घाम आणि गळून गेल्यासारखं वाटणं यामागे हे असू शकतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खावं आणि त्यात प्रथिनं असावीत. नुसतं गोड खाल्लं तर तात्पुरती तरतरी येते आणि मग पुन्हा खाली जायला होतं. सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांमुळे पोटात पाणीही ठरत नसेल, दिवसभरात लघवी अगदी थोडी आणि गडद होत असेल, तर ती चक्कर घरगुती उपायांनी थांबणारी नाही. तिथे शिरेवाटे द्रव आणि जीवनसत्त्वं द्यावी लागतात. गरोदरपणात उलट्या व्हायच्याच, असं म्हणून दिवस काढू नयेत.

ज्या प्रकाराबद्दल घराघरांत सर्वांत कमी माहिती असते, तो आडवं पडल्यावर येणाऱ्या चक्करचा. पाचव्या महिन्यानंतर गर्भाशय इतकं जड होतं की उताणं झोपल्यावर ते थेट पाठीच्या कण्यापुढून जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाबलं जातं. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी ही शीर दिवस भरत आलेल्या बाईत जवळजवळ पूर्ण बंद होऊ शकते, हे एमआरआय चित्रांत दिसलेलं आहे. बहुतेक जणींमध्ये आजूबाजूच्या लहान शिरा पर्यायी वाट काढतात आणि काही जाणवत नाही. ज्यांच्यात ही वाट अपुरी पडते, त्यांना काही मिनिटांत घाम, मळमळ, घाबरल्यासारखं होणं आणि चक्कर सुरू होते. वैद्यकीय नियतकालिकांत १९५३ साली या अवस्थेचं नीट वर्णन आलं आणि तिला नाव मिळालं. सोनोग्राफीच्या टेबलावर अस्वस्थ वाटू लागणाऱ्या बायका पुष्कळ असतात, डॉक्टर काय म्हणतील म्हणून त्या दात आवळून पडून राहतात. कृपा करून सांगा. कुशीवर वळलं की शीर मोकळी होते आणि मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातली बाई भोवळ येऊन पडली तर तिला उताणं झोपवून पाय वर करणं, हा एरवीचा प्रथमोपचार तिला अपुरा पडतो, कधी उलटा पडतो. तिला कुशीवर, शक्यतो डाव्या, वळवावं. कपडे सैल करावेत, वारा येऊ द्यावा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिटाभरात ती शुद्धीवर आली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. रात्री झोपतानाही २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपी जावं; डावी की उजवी याने फारसा फरक पडत नाही. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं, तर घाबरायचं कारण नाही, पुन्हा वळून झोपायचं.

रक्त कमी असण्याबद्दलही थोडं. प्लाझ्मा ४० ते ५० टक्के वाढतो, तांबड्या पेशी साधारण २० ते ३० टक्केच. त्यामुळे रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन थोडं खाली येणं अपेक्षितच असतं. पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११च्या खाली, मधल्या तिमाहीत १०.५च्या खाली गेलं, की मात्र त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात आणि त्यावर उपचार लागतात. एका गरोदरपणात सुमारे १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह खर्ची पडतं, ते नुसत्या आहारातून भरून निघणं बहुतेकींना अवघड जातं. तेव्हा लोहाच्या गोळ्या पोट बिघडतं म्हणून मनानेच बंद करू नका. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी किंवा वेळ बदलून देता येते. रक्तदाब कमी आहे म्हणून मीठ वाढवणंही मनाने करू नये. आणि ज्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत आहेत, त्यांनी चक्कर आली की त्याच दिवशी कळवावं, कारण मात्रा बदलावी लागत असेल.

काही वेळा मात्र थांबून बघण्यात अर्थ नसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत चक्करसोबत ओटीपोटात एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ येणं किंवा रक्तस्राव, ही गर्भ गर्भनलिकेत रुजल्याची खूण असू शकते आणि तिथे तासांना किंमत असते. विसाव्या आठवड्यानंतर डोकं ठणकणं, नजरेपुढे ठिपके, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज आणि रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त. छातीत दुखणं, धाप, एका पायाला सूज, छातीत अनियमित धडधड. श्रम करताना शुद्ध हरपणं. पोटावर पडणं, किंवा त्यानंतर बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही असेल तर सरळ रुग्णालय गाठावं. उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी न येता, पडल्या पडल्या कूस बदलतानाही सगळी खोली गरागरा फिरत असेल, तर दोष बहुधा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असतो आणि त्याची तपासणी वेगळी.

खरोखर शुद्ध हरपली असेल तर ती एकदाच का असेना, डॉक्टरांना सांगावीच. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ४.८ लाखांच्या आसपास गरोदरपणांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ टक्का गरोदरपणांत अशी नोंद सापडली, आणि पहिल्या तिमाहीत शुद्ध हरपलेल्यांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण काहीसं जास्त होतं. एकामुळे दुसरं घडतं असं यातून सिद्ध होत नाही. पण अशा बाईच्या तपासण्या जरा लक्ष देऊन व्हाव्यात, इतकं नक्की. आणि चक्कर वारंवार येत असेल तोवर गाडी चालवणं दुसऱ्याकडे सोपवावं.

बाळंतपणानंतरही पहिले एक-दोन दिवस सांभाळायचे असतात. रक्त गेलेलं असतं, शरीर थकलेलं असतं, भूल दिली असेल तर पायांत पुरतं बळ नसतं. प्रसूतीनंतर पहिल्यांदा न्हाणीघरात जाताना बाई एकटी जाऊ नये. नर्सला हाक मारावी आणि ती येईपर्यंत पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून राहावं.