वनस्पती अर्कांची हिवतापविरोधी चाचणी

औषधी वनस्पतीच्या अर्काने हिवतापाच्या परजीवीची वाढ थांबते का आणि किती मात्रेला थांबते, हे तपासण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी मानवी तांबड्या पेशींत सलग वाढवून दाखवला. आजही बहुतेक चाचण्या त्याच्यावरच होतात. क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाला दाद देणारा ३डी७ आणि न देणारा के१ किंवा डीडी२, असे दोन वाण शेजारी ठेवतात.

झाडाचा भाग सावलीत वाळवून भुकटी करतात, मिथेनॉल किंवा ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवतात आणि द्रावक कमी दाबाखाली ४० अंशांच्या आसपास उडवतात. उष्णता इथे खरोखर घात करते: हिवतापावरचे औषध आर्टेमिसिनिन हाती लागले ते चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी उकळणे सोडून ईथरने कमी तापमानाला अर्क काढल्यावर. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. चाचणीच्या प्लेटमधल्या विहिरीत (छोट्या खळग्यात) डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर गेले तर परजीवी त्यानेच दबतो.

५ टक्के सॉर्बिटॉलने परजीवी वलयावस्थेत, म्हणजे पेशीत शिरल्यानंतरच्या कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेत, एकसमान करून घेतात. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये साधारण १ टक्का बाधित पेशी आणि २ टक्के हिमॅटोक्रिट (द्रवातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ठेवून, कमी ऑक्सिजनमध्ये ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास वाढवतात. कडेच्या विहिरींतून पाणी उडते, म्हणून तिथे नमुने न ठेवलेले बरे. मोजणी सायबर ग्रीन या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने: पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे चमकणारा डीएनए परजीवीचा, मात्र रक्तात पांढऱ्या पेशी राहिल्या की आकडा फुगतो. गडद हिरवे अर्क प्रकाश शोषतात, तेव्हा गिम्सा रंगाने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच लागते.

वाढ निम्म्यावर आणणारी संहती म्हणजे आयसी-५०. कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, ५० च्या पुढे निष्क्रिय, असा ढोबळ संकेत आहे. पण नुसत्या या आकड्यावर भाळू नये. सॅपोनिनयुक्त (साबणासारखा फेस देणारे घटक असलेले) अर्क तांबडी पेशीच फोडतात. ल्यूपिऑल हा वनस्पतीतला घटक तिचा आकार बदलतो आणि परजीवीला आत शिरू देत नाही. दोन्हींत परजीवीवर थेट मारा नसतो. म्हणून निरोगी तांबड्या पेशींवर रक्तविघटन पाहतात आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींवरील विषारीपणा मोजतात. या पेशी निम्म्यावर आणणाऱ्या संहतीचे आयसी-५० शी गुणोत्तर १० च्या वर असावे, अशी साधारण अपेक्षा असते.

पुढची पायरी पीटर्सची चार दिवसांची चाचणी. उंदराच्या पोटात प्लाझमोडियम बर्घी या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या हिवताप-परजीवीने बाधित सुमारे १ कोटी पेशी टोचून चार दिवस रोज अर्क देतात, पाचव्या दिवशी रक्तलेप मोजतात. प्लेटमधला चांगला अर्क इथे पडतो तो बहुधा आतड्यातून शोषला न गेल्याने किंवा यकृतात मोडल्याने. उलटही घडते: प्लेटमध्ये मंद असलेला घटक शरीरात बदलून सक्रिय होतो.