प्रादेशिक विकासाचा पैसा कारखान्यांकडून घरांकडे कसा वळला

आजकाल कुठल्याही प्रादेशिक विकास निधीची प्रोजेक्ट लिस्ट उघडून बघा, त्यात भाड्याची घरं असतात, पाळणाघर असतं, सायकल ट्रॅक, जुन्या थिएटरची दुरुस्ती, स्किल ट्रेनिंग सेंटर, आणि मग कोणीतरी विचारतंच की इकॉनॉमिक डेव्हलपमेंटच्या पैशात पाळणाघराचं काय काम? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात ब्रिटनपासून करू. १९२० च्या दशकात साऊथ वेल्स, टाइनसाइड या भागांत कोळसा आणि जहाजबांधणी बसली, बेकारी प्रचंड वाढली. सरकारचा पहिला उपाय काय, तर माणसं हलवा. १९२८ मध्ये इंडस्ट्रियल ट्रान्सफरन्स बोर्ड काढलं आणि खाणकामगारांना दक्षिणेकडे, मिडलँड्सकडे पाठवायला लागले. आता अशा वेळी कोण जातं हे सांगायला नको, तरणी पोरं गेली, म्हातारी माणसं आणि दुकानं मागे राहिली, म्हणजे गाव आणखी खाली गेलं. मग १९३४ ला स्पेशल एरियाज अ‍ॅक्ट आला, सुरुवातीला २० लाख पौंड दिले, पण तो वाटायला नेमलेल्या कमिशनरांना नफा कमावणाऱ्या कंपन्यांना पैसे द्यायला बंदी! त्यामुळे बराच पैसा गटारं, पाणी, हॉस्पिटलं यांच्यात गेला. नंतर ट्रेफॉरेस्ट, टीम व्हॅली अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे आणायचं हे धोरण पक्कं झालं.

पुढची तीस-चाळीस वर्षं याच विचारावर गेली आणि त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण इटलीचं. दक्षिण इटली गरीब, उत्तर श्रीमंत, म्हणून १९५० मध्ये कास्सा पेर इल मेझोजोर्नो नावाचा मोठा निधी काढला. आधी शेती, पाणी, रस्ते, मग १९५७ पासून जोर उद्योगांवर. तारांतोला भलामोठा स्टील प्लांट आला, काम मिळालं हे खरं, पण त्याच्या भोवती छोटे उद्योग अपेक्षेइतके उगवलेच नाहीत. इटलीत अशा कारखान्यांना वाळवंटातली कॅथेड्रल, म्हणजे ओसाड जागी उभी केलेली भव्य चर्च, म्हणायला लागले. दक्षिणेतल्याच जोया ताउरो गावाचं तर बघवत नाही. १९७० मध्ये रेज्जो कालाब्रिया या शहरात दंगे झाले, लोकांना शांत करायला जवळच जोया ताउरोला स्टील प्लांट देऊ असं सांगितलं, त्यासाठी संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागा तोडल्या, बंदर बांधलं, आणि प्लांट आलाच नाही कारण तोवर जगात स्टीलला मागणीच राहिली नव्हती. बंदर वर्षानुवर्षं पडून होतं, शेवटी १९९५ च्या सुमारास तिथे कंटेनर वाहतूक सुरू झाली म्हणून निदान ते कामी आलं. ज्यांच्या बागा गेल्या त्यांना विचारून काही ठरलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच होती, स्टील नंतरची गोष्ट.

अमेरिकेत १९६५ ला अ‍ॅपलाचिया या मागास डोंगराळ भागासाठी अ‍ॅपलाचियन रिजनल कमिशन आलं, त्यांचा बहुतेक पैसा सुरुवातीला हायवेंवर गेला. डोंगराळ भाग जगाशी जोडला गेला हे चांगलंच झालं, पण रस्ता काय, दोन्हीकडे जातो, शिकलेली पोरं त्याच रस्त्याने शहरात गेली.

युरोपात १९७५ ला प्रादेशिक विकास निधी सुरू झाला. तिथे वेगळीच अडचण आली, ब्रसेल्सकडून, म्हणजे युरोपच्या सामायिक निधीतून, पैसा आला की देशाचं सरकार तेवढाच आपला खर्च कमी करायचं, म्हणजे मागास भागाच्या हातात जास्तीचं काहीच नाही. १९८८ च्या सुधारणांनी हे बांधायचा प्रयत्न केला: हा पैसा देशाच्या स्वतःच्या खर्चावर जास्तीचा हवा, अनेक वर्षांचा प्लॅन हवा, आणि स्थानिक लोकांना सोबत घ्यायला हवं. आजच्या जवळजवळ प्रत्येक स्कीममध्ये या तीन अटी कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतात.

आता घरांचा मुद्दा. कंपनीला टॅक्स सवलत दिली, जमीन दिली, कंपनी आली, आणि मग कळलं की कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याला राहायला घर नाही, घर मिळालं तर मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हे फार स्पष्ट दिसलं. २०१५ मध्ये तिथे रिजनल सिटीज नावाची योजना आली, तीन विभागांना प्रत्येकी ४ कोटी २० लाख डॉलर, आणि अट अशी की आजूबाजूच्या काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, एकत्र येऊन एकच प्लॅन आणायचा, शेजाऱ्याशी भांडत कंपन्या पळवायच्या नाहीत. त्यावरूनच २०२१ ला रेडी ही मोठी योजना निघाली, ५० कोटी डॉलर, १७ विभाग, कुठल्याही एका विभागाला जास्तीत जास्त ५ कोटी. राज्याच्या एका डॉलरमागे बाकीच्यांनी चार उभे करावेत अशी अपेक्षा. २०२३ ला आणखी ५० कोटी मंजूर झाले, वर लिली एंडोमेंट या देणगी देणाऱ्या खासगी संस्थेने २५ कोटी दिले, ते पडक्या जागा सुधारण्यासाठी आणि कला-संस्कृतीसाठी.

मला हा बदल मनापासून पटतो, कारण राहण्यासारखं गाव असेल तरच माणूस टिकतो. पण चारास एक ही अट मला खटकते. ज्या गावात आधीच बँका, बिल्डर, देणगीदार आहेत तिथे ते चार डॉलर पटकन जमतात, आणि ज्या छोट्या काउंटीत ग्रँटचा अर्ज लिहायला वेगळा माणूसही नाही तिथे घराची गरज जास्त असून प्रोजेक्ट कागदावरच राहतो. दुसरं म्हणजे मुदत. रेडीच्या पहिल्या टप्प्यात कोविडनंतरच्या केंद्रीय मदतीचा पैसा होता, त्याचे नियम कडक, २०२४ अखेरपर्यंत करार आणि २०२६ अखेरपर्यंत खर्च, आणि नेमक्या याच काळात बांधकामाचा खर्च वर गेला. शिवाय हा पैसा मुख्यतः बांधायला असतो, चालवायला नाही, त्यामुळे पाळणाघराची इमारत उभी राहते पण तिथल्या बायकांचा पगार दर महिन्याला कोण देणार हे काउंटीला स्वतःच बघावं लागतं.