चौकटीतलं हवामान

घरातली सगळ्यात जुनी तसबीर भिंतीवरून उतरवा आणि पालथी घालून पाहा. तपकिरी हार्डबोर्ड, कडेने ठोकलेल्या गंजक्या चुका, सुटत आलेली कागदी पट्टी, कोपऱ्यात फ्रेमवाल्याचा शिक्का आणि त्यावर पाच आकडी दूरध्वनी क्रमांक. चुका वाकवून हार्डबोर्ड काढलात तर आत बहुधा घडी घातलेलं वर्तमानपत्र निघेल. फोटो काचेला घट्ट टेकावा म्हणून ते भरीला घातलेलं असतं. फोटो एव्हाना पिवळटलेला असतो आणि आपण म्हणतो, ‘चालायचंच, वय झालं त्याचं.’

वयाचा दोष त्यात तितकासा नसतो. त्याच स्टुडिओत, त्याच दिवशी काढलेली दुसरी प्रत कुणा नातेवाइकाच्या ट्रंकेत पाकिटात राहिली असेल, तर ती पुष्कळदा जास्त चांगली सापडते. फ्रेममध्ये गेलेल्या वस्तूचा दिवसरात्र संबंध येतो तो मागचा पुठ्ठा, गोंद, काच आणि कोंडलेली दमट हवा यांच्याशी. तिचं आयुष्य किती, हे बरंचसं तिथे ठरतं. आपण दुकानात अर्धा तास घालवतो तो मात्र सोनेरी पट्टी घ्यावी की सागवानी, यावर.

आधी पुठ्ठ्याचं पाहू. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागे एक जोडून झालेली लांब साखळी. कागदाची ताकद या साखळ्यांच्या लांबीत असते. आम्ल आणि पाणी एकत्र आले की साखळीतले दुवे तुटू लागतात, आणि यात आम्ल स्वतः खर्च होत नाही. ते फक्त प्रक्रिया घडवून आणतं आणि पुढच्या दुव्याकडे वळतं. शिवाय कागद जुना होताना त्याच्यातच नवी आम्लं तयार होतात. म्हणून नासाडी सुरू झाली की तिचा वेग वाढत जातो.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा भुगा करून बनतो आणि त्यात लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा घटक, जवळपास जसंच्या तसं राहतं. लिग्निनचं ऑक्सिडीकरण झालं की कागद पिवळा पडतो आणि आम्ल सुटतं. हार्डबोर्ड म्हणजे तर दाबलेले लाकडाचे तंतूच. त्यातून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा हळूहळू निघत राहतात. पूर्वी चित्रामागे लाकडी फळ्या लावत. अशा चित्राच्या पाठीवर फळीच्या रेषा, गाठी आणि दोन फळ्यांमधली फट यांचा तपकिरी छाप हुबेहूब उठलेला दिसतो.

फोटोभोवती जो जाड पुठ्ठ्याचा माउंट असतो, त्याचाही असाच छाप पडतो. माउंटच्या खिडकीची कड तिरकी कापलेली असते आणि त्या कापात पुठ्ठ्याचा गाभा उघडा पडतो. गाभा स्वस्त लगद्याचा असेल तर त्यातून सुटणारं आम्ल नेमकं चित्राच्या कडेवर उतरतं. काही वर्षांनी माउंट काढला की चित्राभोवती एक तपकिरी रेघ दिसते, पट्टीने आखल्यासारखी. ही रेघ सहसा पुसता येत नाही.

यावर उपाय म्हणून ॲसिड-फ्री माउंट मिळतो. त्यात लिग्निन जवळपास नसतं आणि बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, मिसळलेली असते. येणारं आम्ल ती खाऊन टाकते. कापसात मुळातच लिग्निन नगण्य, त्यामुळे सुती चिंध्यांपासून केलेला पुठ्ठा उत्तम. पुण्यातल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी अशा चिंध्यांचा कागद बनतो. पण ‘हातकागद’ म्हटलं की तो आम्लमुक्त असेलच असं धरून चालू नये. कागदावर शाई फुटू नये म्हणून तुरटी वापरली असेल तर चिंध्या कितीही चांगल्या असोत, आम्ल आलंच. आणखी एक मेख: खडू घातलेला माउंट रेशमाला आणि लोकरीला चालत नाही. ही प्रथिनं, आणि खडू अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा; तो त्यांना सोसत नाही. आजीच्या पैठणीचा पदर फ्रेम करायचा असेल तर आम्लमुक्त पण खडू न घातलेला पुठ्ठा मागावा. दुकानदार बुचकळ्यात पडेल, तरी मागावा.

आता हवा. 40 बाय 50 सेंटिमीटरची फ्रेम घ्या. काच आणि चित्र यांच्यात 5 मिलिमीटरची पोकळी असेल तर आत एक लिटर हवा मावते. 30 अंश सेल्सिअसला ही हवा बाष्पाने पूर्ण भरली तरी त्यात पाणी किती? जेमतेम 30 मिलिग्रॅम. मागचा जाड पुठ्ठा मात्र 200 ग्रॅमच्या आसपास असतो आणि साध्या कोरड्या दिवसातही त्याच्या तंतूंमध्ये दहा-बारा ग्रॅम पाणी मुरलेलं असतं, म्हणजे हवेतल्या पाण्याच्या काही शे पट. चौकटीतली हवा दमट राहणार की कोरडी, हे त्यामुळे पुठ्ठा ठरवतो. ऐन जुलैत, पावसाने फुगलेला पुठ्ठा घालून, मागून टेप मारून फ्रेम बंद केली तर आपण पावसाळाच आत कोंडला. पुढे हिवाळ्यात तिच्यावर ऊन आलं की पुठ्ठा तापतो, ओल सोडतो आणि रात्री काच थंड झाली की ती आतून धुरकटते. महत्त्वाच्या वस्तूची फ्रेम जानेवारी ते मे या काळात करून घ्यावी, ती एवढ्यासाठी. कोकण-गोव्यात तर हे नियमासारखंच पाळावं.

बाहेरची भिंत हा दुसरा शत्रू. हवा 30 अंशांवर आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर साधारण 27 अंशांना दव पडायला लागतं. आठवडाभर पावसात भिजलेली भिंत तेवढी थंड सहज होते. दव पडलं नाही तरी फ्रेमच्या पाठीशी आर्द्रता नव्वदीपार जाते, आणि बुरशीला सत्तर-पंचाहत्तर टक्केही पुरतात. जुनी माणसं तसबिरी दोरीने टांगत, वरची कड पुढे झुकलेली आणि खालची भिंतीला टेकलेली. खालून बघणाऱ्याला चेहरा नीट दिसावा हा हेतू असेलही. पण त्या तिरकेपणामुळे मागून हवा खेळत राहायची. आता भिंतीला चपटी चिकटलेली फ्रेम फॅशनमध्ये आहे. निदान मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावाव्यात.

हवेचा प्रश्न मुळातूनच सोडवायचा तर काय करावं लागतं, ते दिल्लीत दिसतं. भारतीय राज्यघटनेची हस्तलिखित मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत आहे. हेलियम भरलाय असं अनेक ठिकाणी छापून येतं, ते बरोबर नाही. 1990च्या दशकात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट यांनी मिळून ही व्यवस्था केली. प्राणवायू नाही म्हणून ऑक्सिडीकरण नाही, कीड नाही. आर्द्रताही ठरवून दिलेली. गंमत म्हणजे हा इलाज सगळ्यांना लागू पडत नाही. प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग प्राणवायू नसताना प्रकाशात फिका पडतो आणि पुन्हा हवेत आणला की बराचसा परत गडद होतो.

घरात आपल्याला एवढं जमणार नाही, पण एक गोष्ट जमते: फोटो काचेला टेकू न देणं. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या बारीक कणांची असते आणि ते कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात. हे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात. दमट हवेत ते फुगतं, मऊ आणि चिकट होतं, काचेला बिलगतं आणि कोरड्या दिवसांत तिथेच सुकतं. असे पावसाळे उलटले की फोटो काचेपासून सुटत नाही; ओढला तर चेहऱ्याचा तुकडा काचेवर राहतो. माउंटचं खरं काम इथे आहे. शोभा ही वरकमाई; मुळात तो काच आणि फोटो यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर राखतो. माउंट नको असेल तर पट्टीच्या आत बारीक काठी बसवूनही ते अंतर ठेवता येतं. फोटो आधीच चिकटला असेल तर ओढू नका, भिजवू तर मुळीच नका. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि फोटो जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

प्रकाशाची गोष्ट हळदीवरून चांगली कळते. कपड्यावर हळदीचा डाग पडला तर काय करायचं, हे मराठी घरात सांगावं लागत नाही: धुवा आणि उन्हात टाका. डाग संध्याकाळपर्यंत फिका होतो. हळदीतला पिवळा रेणू म्हणजे कर्क्युमिन, आणि प्रकाश शोषून तो तुटतो. आता अलीकडची एक हौस पाहा. गृहप्रवेशाच्या वेळी नव्या सुनेची कुंकवाची पावलं पांढऱ्या कापडावर उमटवून घ्यायची आणि ते कापड फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं. कल्पना सुरेख आहे. पण जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे चुन्यासारख्या अल्कलीने लाल केलेली हळदच, आणि अल्कलीच्या सहवासात कर्क्युमिन आणखी नाजूक होतं. बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असतात. त्यांतले कोणते किती टिकतील हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

‘यूव्ही काच लावा, म्हणजे झालं’ असं दुकानात सांगतात; यूव्ही काच म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच. अर्धं खरं आहे. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितकी त्याच्या एका कणातली ऊर्जा जास्त. 350 नॅनोमीटरच्या अतिनील कणात सुमारे 3.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला लागते तीही जवळपास तेवढीच. लाल प्रकाशाच्या कणात तिच्या निम्मीच. साधी खिडकीची काच साधारण 320 नॅनोमीटरखालचे किरण अडवते, वरचे आत सोडते. यूव्ही काच 400पर्यंतचे बहुतेक किरण अडवते, म्हणून कागदाला तिचा खरोखर फायदा होतो. पण कर्क्युमिन सगळ्यात जास्त शोषतं ते 425 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश. म्हणून तर ते पिवळं दिसतं. तो प्रकाश अडवायचा तर काच स्वतः पिवळी हवी. पारदर्शक काच हळदीला पूर्णपणे वाचवू शकत नाही.

मग उरतो तो अंधार, किंवा निदान कमी उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि नाजूक कागद-कापडांसाठी संग्रहालयं 50 लक्सची मर्यादा पाळतात. रोज दहा तास याप्रमाणे वर्षभरात होतात 1,82,500 लक्स-तास. दुपारचं थेट ऊन असतं सुमारे 1,00,000 लक्स. म्हणजे संग्रहालयातल्या वर्षभराचा उजेड खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप दोनेक तासांत देऊन जाते. प्रकाशाचं नुकसान साठत जातं. रात्रीच्या अंधारात ते भरून येत नाही. रंगीत फोटोंचंही तेच: भिंतीवरच्या जुन्या रंगीत फोटोत बहुधा किरमिजी रंग आधी उडतो, तर सत्तरच्या दशकातले काही फोटो अल्बमच्या अंधारातही निळसर रंग गमावून लालबुंद होतात. अशा फोटोंचं स्कॅनिंग पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. भिंतीवर प्रत लावा, मूळ कपाटात ठेवा. कुंकवाच्या पावलांचंही हेच करावं असं माझं मत आहे, सासूबाई काही म्हणोत.

चिकटवण्याबद्दल थोडक्यात. सेलोटेपचा गोंद आधी पातळ होऊन कागदात मुरतो, मग तपकिरी होतो. वरची फिल्म गळून पडते आणि डाग राहतो. फेव्हिकॉल सुकल्यावर सहजी सुटत नाही. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक तर उष्णतेने कागदात वितळवलेलं असतं, त्यामुळे मूळ मानपत्र त्यात घालू नये. जाणकार लोक गव्हाची पातळ खळ आणि जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या वापरतात. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगतात, म्हणजे दमट हवेत कागद पसरला तरी सुरकुतत नाही. खळ पाण्याने सुटते. मात्र कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, ते इथे नको. त्यातलं तांबं कागदाचं ऑक्सिडीकरण वाढवतं.

शेवटी पदकं. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पहिल्या महायुद्धात लढलेल्या पणजोबांची पदकं असलेली घरं आहेत. त्या काळचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, व्हिक्टरी मेडल काशाचं. खोल चौकटीत मखमलीवर ती मांडली की देखणी दिसतात, आणि चांदीचं पदक थोड्या वर्षांत काळं पडतं. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, आणि लोकर, फेल्ट, रबर, काही रंगवलेली कापडं यांतून गंधकाची संयुगं सुटत असतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्रयू ऑडी यांनी 1970च्या दशकात यावर साधी चाचणी बसवली. कापडाचा नमुना आणि चांदी, तांबं, शिसं यांचे चकचकीत तुकडे थोड्या पाण्यासह नळीत बंद करायचे आणि 60 अंशांना 28 दिवस ठेवायचे. चांदी गंधकाची चुगली करते, शिसं सेंद्रिय आम्लांची.

याची ढोबळ आवृत्ती घरी करता येते. मुरंब्याची रिकामी काचेची बरणी स्वच्छ धुवून वाळवा. तिच्यात दुकानातून आणलेला मखमलीचा तुकडा, घासून चकचकीत केलेला चांदीचा बारीक तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा ठेवा; बोळा कशालाही लागू देऊ नका. बरणी नुसत्या धातूच्या झाकणाने घट्ट लावा, झाकणात रबर नको. शेजारी दुसऱ्या बरणीत मखमल सोडून बाकी सगळं तसंच ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. दोन्ही बरण्या महिनाभर स्वयंपाकघरात उबेला ठेवा. पहिल्या बरणीतली चांदी काळवंडली आणि दुसरीतली नाही, तर त्या मखमलीची उशी शिवा, पदकाखाली साधं, रंग न दिलेलं, धुतलेलं सुती कापड घाला.